आत्याबाईची पाठ

संग्रहालयाच्या बागेतल्या पुतळ्यांना मेण लावायला भाऊ गेला, तो काही कलेच्या प्रेमापोटी गेला नाही. त्यात त्याला काय मिळणार होतं ते आधी बघून घेऊ. त्या बागेत तळ्याच्या कडेला एक हिरवळ होती. ती भाड्यानं मिळत नसे. भलेभले वशिले लावून थकले होते. नियम एकच, जो माणूस एक हंगाम बागेत राबेल, त्याला घरच्या कार्यासाठी ती एका संध्याकाळपुरती मिळायची. भाऊच्या लेकीचं लग्न ठरलं होतं. व्याही मोठ्या घरचे, आणि त्यांचं बोलणं घराहून मोठं. "आमच्याकडे असं असतं," हे त्यांचं पालुपद. अशा माणसाला, जिथं त्याचा पैसा पोचत नाही अशा गवतावर खुर्ची टाकून बसवायचं, हा भाऊचा नफा. गुंतवणूक म्हणाल तर रविवारची झोप आणि दोन गुडघे. गुडघे तसेही घरी बसून झिजतच होते.

भाऊची उभी हयात विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करण्यात गेली होती. जळकं गोदाम, चेपलेली गाडी, भिजलेलं कापड. वस्तू समोर आली की त्याला वस्तू दिसत नसे, तिच्यात आलेली तूट दिसे. निवृत्त झाल्यावर ही नजर कुठं ठेवायची ते न कळल्यामुळे तो ती घरात वापरायचा, आणि घरचे त्याला बाहेर पाठवायची संधी शोधत असायचे.

बागेत पुतळ्यांची निगा राखणारी एक तरुण बाई होती. सगळे तिला मॅडम म्हणत, आणि ती सगळ्यांना काका-मावशी. पहिल्या रविवारी तिनं पुतळे वाटून दिले. उशिरा येणाऱ्याला उरलेलं मिळतं, या न्यायानं नाचणारी मुलगी गेली, अंग पुसणारा पोहणारा गेला, पाठीवर मूल घेतलेला बाप गेला, आणि भाऊच्या वाट्याला कुंपणाच्या झुडपाला टेकलेली बसलेली बाई आली. धिप्पाड, उतारवयाची, अंगात एकच सैल झगा, पाय जमिनीत रुजल्यासारखे. माळी तिला आत्याबाई म्हणायचे. म्हणे प्रत्येकाच्या घरी अशी एक असतेच.

"हिला कशाला मेण?" भाऊ म्हणाला. "हिचं काय बिघडणार आहे आता?"

"ब्राँझ पावसानं आणि पक्ष्यांच्या घाणीनं खाल्लं जातं, काका. मेणाचा थर असला की ते मेणावर निभावतं. आधी धुवायचं, सुकवायचं, मग मेण. पण पातळ हं, आरशावर श्वास सोडावा इतकं पातळ."

त्याच आठवड्यात सजावटवाला हिरवळ बघून गेला. डोळ्यांपुढं बोटांची चौकट धरून त्यानं नवरानवरीची जागा ठरवली आणि तोंड वाकडं केलं. "ही बाई नेमकी फोटोत येते. हिच्यापुढं फुलांचा पडदा मारू."

"मारा," भाऊ म्हणाला. त्यानं तेव्हा तिच्याकडे मान वळवायचेही कष्ट घेतले नाहीत.

आता मेणाचं. भाऊनं विचार केला, पातळ थर जर इतकं राखतो, तर जाड किती राखेल! विमेवाल्याचा जीव तो. हप्ता दुप्पट, की झोप दुप्पट. त्यानं सढळ हातानं आत्याबाईला लिंपून काढली. पुढच्या रविवारी येऊन बघतो तर झग्याच्या प्रत्येक चुणीत, गळ्याच्या वळीत, बोटांच्या बेचक्यात मेण पांढरं होऊन बसलेलं. अंगाला साबण लावला आणि नळ गेला, अशी बाईची अवस्था.

मॅडम रागावली नाही. तिनं एक बोथट लाकडी काडी आणि सुती फडकं त्याच्या हाती दिलं. "जिथं पांढरं दिसतंय तिथून काढायचं. ओरखडा उठता कामा नये. आणि काका, मागूनही."

"मागे झुडूप आहे. तिकडं कोण बघतं?"

"तुम्ही बघाल ना आता."

भाऊच्या नशिबात आत्याबाई बघणं आलं ते असं, स्वतःच्या हाताच्या चुकीनं. लांबून ती गठ्ठा दिसायची. काडी घेऊन बसल्यावर कळायला लागलं की ती नुसती बसलेली नाही. सगळा भार तिनं डाव्या कमरेवर टाकलाय आणि उजवी बाजू विश्रांतीला सोडून दिलीय, म्हणून डाव्या बाजूला झगा ताणलेला आणि उजवीकडे ढिला. मांडीवर ठेवलेले हात पालथे नाहीत, उताणे आहेत. काही मागण्यासाठी नाही, काम संपलं की हात आपोआप पडतात तसे. समोरून बघावं तर बाई थकलेली. दोन पावलं डावीकडे सरकलं की तीच बाई आता उठेल, कुणाला तरी हाक मारेल, असं वाटायचं. ऊन हललं की हनुवटीखालची सावली सरकायची, आणि इतका वेळ झोपाळू वाटणारा चेहरा एकदम ऐकत असल्यासारखा व्हायचा.

मग तो अंग चोरून झुडपात शिरला आणि मागची बाजू बघू लागला. पाठ पूर्ण होती. एक खांदा जरा वर, कण्याची वळत गेलेली ओळ, मानेवर सैल अंबाडा आणि त्यातून सुटलेल्या चार बटा. त्या बटांखालची मान मात्र कोवळी, पोरीची. म्हातारपण तिथवर पोचायचं राहून गेलं होतं. आणि दोन खांद्यांच्या मधोमध, ओल्या मातीवर उठलेला आणि मग धातूत तसाच उतरलेला, शिल्पकाराच्या अंगठ्याचा ठसा.

"फुकटचं काम," भाऊ पुटपुटला. कुणी बघणार नाही, कुणी दावा करणार नाही, तरी माणसानं इतकी मेहनत घेतलेली. असा व्यवहार त्यानं उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. त्यानं इकडेतिकडे बघून आपला अंगठा त्या ठशावर ठेवला. नेमका बसला.

घरी जेवताना त्याच्या तोंडी तिचंच नाव. बायको वैतागली. "अहो, म्हातारपणी सवत आणायची, ती एवढी जाड आणायची होती? पोरीच्या लग्नाचं बघा."

खिडकीपाशी खुर्चीत बसून ताई मटार सोलत होती. ताई म्हणजे भाऊची थोरली बहीण. आई कारखान्यात पाळीवर जायची, तेव्हा भाऊला वाढवला तो ताईनं, कडेवर घेऊन. तिनं लग्न केलं नाही, विचारलं तर म्हणायची, "एक पोर आधीच कडेवर होतं, दुसरं कुठं ठेवू?" आता कंबर वाकली होती, चालताना अंग एका बाजूला कलायचं. त्यावरही तिचा विनोद तयार. "माझ्या कमरेला तीन जण नडले. वय, जिना आणि हा बाळ्या." पण विनोद घरातल्या घरात. वर्षभर ती उंबऱ्याबाहेर पडली नव्हती, आणि लग्नाला येणार नाही हे तिनं साखरपुडा ठरला तेव्हाच सांगून टाकलं होतं. "फोटोत मी म्हणजे नव्या भिंतीवर ओल. तुम्ही जा, मला नंतर सांगा."

भाऊनं तेव्हा "असं काय गं ताई" म्हणून एकदा आग्रह केला होता. एकदाच. खरं बोलायचं तर त्याला आतून हायसं वाटलं होतं. व्याह्यांपुढं तिला धरून आणायचं, बसवायचं, उठवायचं. तेवढा एक खर्च वाचला.

"बाळ्या," ताई म्हणाली, "कशी बसते म्हणालास ती? दाखव बघू."

भाऊ उठला आणि खुर्ची ओढून दाखवायला लागला. डाव्या कमरेवर भार, उजवा पाय जरा पुढं, हात असे. दाखवता दाखवता त्याची नजर ताईकडे गेली आणि तो थांबला. ताई तशीच बसली होती. डाव्या कमरेवर भार, उजवा पाय पुढं. सोललेल्या शेंगांच्या टरफलांत दोन्ही हात उताणे. ती त्याच्या जन्मापासून अशीच बसत आलेली असणार. ज्या कमरेवर पोर बसतं, तीच भार घ्यायला शिकते.

"काय झालं? विसरलास?"

"नाही गं. आठवलं."

"मला दाखवशील तुझी ही आत्याबाई?"

बायकोनं भुवया उंचावल्या. वर्षभरात ताईनं बाहेर नेण्याबद्दल शब्द काढला नव्हता. भाऊ घाईघाईनं "रविवारी" म्हणाला, कारण ताईचं मन बदलायला शेंगभर वेळ पुरे.

रविवारी फाटकापासून झुडपापर्यंत यायला त्यांना बराच वेळ लागला. ताई काठी टेकत, थांबत, प्रत्येक पुतळ्याला शेरा देत आली. नाचणाऱ्या मुलीला "पाय मुरगळेल गं," पोहणाऱ्याला "पुस लवकर, सर्दी होईल." आत्याबाईपुढं मात्र ती जवळ सरकली. काठी भाऊकडे दिली आणि नुसती बघत उभी राहिली.

"हात लावा, आजी," मॅडम म्हणाली. "आत्ताच धुतलंय, मेण अजून लागायचंय. आजचा दिवस चालतं. एरवी मीच ओरडते लोकांवर."

ताईनं तळहात आत्याबाईच्या गुडघ्यावर ठेवला. "अगं बाई, गरम आहे ही!"

"ऊन धरतं ब्राँझ."

"आणि गुडघ्यात पाणी झालंय हिच्या. बघ, इथं. ज्यानं केली त्याच्या घरी कुणीतरी म्हातारं होतं म्हणायचं." तिचा हात गुडघ्यावरून मांडीवरच्या हातांवर गेला, मग ताणलेल्या चुण्यांवर. "डाव्या कमरेवर बसलीय. हिनंही कुणाला तरी वागवलेलं दिसतंय." आणि मग, "कोण होती गं ही?"

"ते नाही माहीत, आजी. शिल्पकाराचं नाव मिळतं. समोर जी बसली होती तिचं नाव कुठंच नाही."

"बसणारीचं कोण लिहितं," ताई म्हणाली. रागानं नाही, पाऊस पडतो म्हणावं तसं.

तेवढ्यात सजावटवाला फीत घेऊन आला. लग्न तोंडावर होतं. पडद्याची मापं घ्यायची होती. म्हाताऱ्या बाईला पुतळ्यापाशी बघून त्याला वाटलं, हीही पुतळ्याच्या तक्रारीलाच आली असणार. त्यानं धीर दिला. "काळजी करू नका आजी, ही दिसणारच नाही. इथून तिथपर्यंत फुलं लावतोय. भाऊंनी आधीच सांगून ठेवलंय."

ताईचा हात चुण्यांवरच होता. तिनं तो काढला नाही.

"हो का," ती म्हणाली. "मग बाळ्या, असं कर. पडद्यामागं एक खुर्ची टाक. मी येते लग्नाला. आम्ही दोघी तिथं बसू. तुम्हाला फोटोत त्रास नाही आणि आम्हाला गाणं ऐकू येईल."

ती हसून म्हणाली, म्हणूनच भाऊला ते सोसेना. तिच्या बोलण्यात टोमणा शोधावा तर सापडेना. ती खरोखरच सोय सुचवत होती. आणि ही सोय तिच्याआधी आपणच मनात केली होती, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं आयुष्यभर लोकांच्या नुकसानीला आकडा लावला होता. हे एक त्याच्या डोळ्यांदेखत चाललं होतं आणि ते त्यानंच चालवलं होतं.

"पडदा नको," तो म्हणाला.

"अहो भाऊ, फुलांची सोय झालीय!"

"टेबलांवर ठेवा. झाडांना बांधा. स्वतःच्या डोक्यात माळा. नवरानवरी हिच्याशेजारी उभी राहतील, आणि ताई इथं बसेल. पुढं."

"बाळ्या, उगाच हट्ट नको. फोटोत ओल येईल."

"ताई, मी तुला एकदाच आग्रह केला होता, आठवतं? तो खोटा होता. तू नाही म्हणालीस आणि मला बरं वाटलं होतं." त्यानं काठी तिच्या हातात परत दिली. "हा खरा आहे. तू ये."

ताई त्याच्याकडे बघत राहिली. पोरानं फोडलेलं भांडं लपवायचं सोडून स्वतः आणून दाखवावं, तेव्हा आई बघते तसं.

"ठाऊक होतं मला," ती म्हणाली. "तुझं तोंड लहानपणापासून काचेचं." मग आत्याबाईकडे वळून तिनं जरा विचार केला. "मला हिच्या उजव्या अंगाला बसव. डावीकडून ही माझ्यापेक्षा तरुण दिसते."

मॅडमला हसू आवरेना. भाऊनं मेणाचा डबा उघडला आणि ब्रश ताईच्या हातात दिला. "पातळ," त्यानं बजावलं. "आरशावर श्वास सोडावा इतकं."

घरी बायकोनं कपाळाला हात लावला. "व्याही काय म्हणतील?"

"त्यांना सांग, आमच्याकडे असंच असतं."

लग्नाची संध्याकाळ ढगाळ निघाली, पण पाऊस आला नाही. मेण लावलेली आत्याबाई दिव्यांत खोल, गडद चमकत होती. तिच्या उजव्या बाजूला ताई, दोघींचा भार डाव्या कमरेवर. पाहुणे आधी लांबून बघून गेले. मग व्याह्यांची म्हातारी आई पाय दुखतात म्हणून ताईशेजारी येऊन टेकली, आणि दोघींचं गुडघ्यांवरून जे जमलं ते जेवणं उरकली तरी संपेना. लेकीनं खाली बसून ताईच्या मांडीवर डोकं टेकवलं, तो फोटो नंतर सगळ्यांनी मागून नेला. व्याही "वा, जागा छान आहे" एवढंच म्हणाले. भाऊनं त्या एका वाक्यासाठी हंगामभर घाम गाळला होता, आणि ते ऐकायच्या वेळी तो भलतीकडेच होता; दोन पोरांना धरून आत्याबाईच्या मागं नेऊन अंगठ्याचा ठसा दाखवत होता.

आता या व्यवहारात कुणी काय भरलं, तेही सांगून टाकू. भाऊची झोप गेली आणि डावा गुडघा कायमचा बोलायला लागला. बायकोला मनातला फुलांचा फोटो सोडावा लागला. त्याचा विषय ती अजून अधूनमधून काढते. सजावटवाल्याचा हिरमोड झाला. कधीकाळी कुणा बाईनं एका कमरेवर तासन्‌तास बसून काढले, तिचं तर नावही राहिलं नाही. आणि एका संध्याकाळचं ते बसणं ताईच्या अंगावर आलं. पुढचे कितीतरी दिवस ती अंथरुणावर कण्हत होती आणि कण्हता कण्हता व्याह्यांच्या आईच्या नकला करत होती. भाऊ शेजारी बसून गरम पाण्याची पिशवी तिच्या कमरेला धरायचा, ती थंड झाली की उठून पुन्हा भरून आणायचा. या खर्चात सगळ्यात मोठा वाटा ताईचाच होता, आणि पिशवी जरा वर सरकव म्हणण्यापलीकडे तिनं त्याबद्दल काही मागितलं नाही.