फेक सुरू झाल्यावर

२०११ सालच्या दिवाळीनंतर पांढरकवड्याच्या वेशीवरची जिनिंग उघडलीच नाही. भाव पडले होते आणि कापूस घराघरांतल्या माजघरात दाबून ठेवलेला होता. एरवी त्या दिवसांत ज्या आवारात गाड्यांची रांग लागायची, तिथे आता चुन्याच्या रेघा होत्या. लालसिंग राठोड सरांनी मालकाकडून किल्ली मागून घेतली होती आणि भुसा भरलेली तीन पोती मांडून बेसबॉलचे बेस केले होते. मालक किल्ली देताना म्हणाला होता, "खेळा. कापूस आला की निघा." पोरं रोज खेळत होती, आणि तिकडे येता-जाता लोक त्या मोकळ्या आवाराकडे पाहून मान फिरवत होते.

संघदीप नगराळे हा या संघाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. वीस वर्षांचा. वर्गात हजेरी देताना याचा आवाज घशातच विरायचा आणि दुकानात सुटे पैसे मागायलाही याचा जीव वर-खाली व्हायचा. पण मातीच्या उंचवट्यावर उभा राहिला की तो दुसराच कुणी होई. त्याने चेंडू जिथे पाठवायचा ठरवला तिथेच तो जाई. पोरं म्हणत, "संघ्याचा बॉल म्हणजे रजिस्टर पोस्ट. पत्त्यावरच जाते." त्याचा पत्ता बहुतेक वेळा एकच असे: समोर झेलायला उकिडवं बसलेल्या अब्रारचा ग्लोव्ह.

अब्रार हा हायवेवर गॅरेज असलेल्या सरदार मिस्त्रींचा मुलगा. संघदीप जितका गप्प, तितका हा बोलका. चार वर्षं दोघं अठरा मीटरच्या अंतरावरून एकमेकांशी बोटांच्या खुणांनी बोलत आले होते. संघदीपला मनातून वाटे, की आपल्या आयुष्यातलं खरं संभाषण तेवढंच. बाकी सगळं नुसतं बोलणं.

त्या वर्षी अब्रार मामाकडे हैदराबादला जाऊन आला आणि येताना अमेरिकन फुटबॉलचं वेड घेऊन आला. तिथल्या पोरांनी त्याला खेळायला घेतलं होतं. मोबाइलच्या कार्डात त्याने सामन्यांचे तुकडे भरून आणले होते, आणि तळहाताएवढ्या पडद्याभोवती दहा डोकी जमवून तो समजावून सांगायचा. सकाळी जिनिंगमागच्या पडीक शेतात त्याने खेळही सुरू केला. काळ्या भुसभुशीत मातीत पडलं तर लागत नाही, हे त्याचं म्हणणं.

"पाहा बे," तो म्हणे, "तुह्या बेसबॉलात नऊ जण उभे राह्यते अन् एकटा फेकते. बाकीच्यांनी का करावं? ढेकळं मोजावं? इकडं पाहा. अकराच्या अकरा एकदम धावते. कोणी रिकामा नाही."

"अन् चार पावलं धावून सारे झोपते," संघदीप हळूच म्हणे. "मंग उठते, गोल करून गप्पा मारते. पुन्हा झोपते."

"त्याले पिलान म्हणते, बह्याडा!"

लालसिंग सर एकदा मागे उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "बाबू, मी सांगतो तुमाले फरक. बेसबॉल पाहणाऱ्याले झोप येते अन् खेळणाऱ्याची झोप उडते. फुटबॉलचं उलटं. पाहणारा उड्या मारते अन् खेळणारा दवाखान्यात झोपते."

सगळे हसले. संघदीपही हसला, पण त्या पडद्यावरची एक गोष्ट त्याच्या मनात रुतून बसली. त्या खेळाडूंचे चेहरे दिसत नव्हते. हेल्मेटच्या लोखंडी जाळीमागे सगळे सारखेच. माणसांचा ढिगारा पडे, उठे, आणि कुणामुळे कुणाला लागलं हे कुणालाच कळत नसे. तिथे चूक वाटून घेतली जात होती. बेसबॉलमध्ये चुकीला नाव असतं. उंचवट्यावर एकटा माणूस उभा असतो, सगळे त्याच्याकडेच पाहत असतात, आणि तो चेंडू सोडेपर्यंत जग थांबलेलं असतं. त्याला तेच आवडायचं आणि त्याचीच धास्तीही वाटायची.

घरी त्याच्या आईने, नलूबाईने, फुटबॉलला साफ नकार दिला होता. "एकमेकाच्या अंगावर पडणं कायले? हात-पाय मोडला तर पोलीस भरतीत कोण घेईन तुले? तुहा उभं राह्याचा खेळच बरा." जिल्ह्याच्या संघात निवड झाली तर पुढे राज्याचं प्रमाणपत्र, आणि खेळाडूंच्या राखीव जागांतून भरती. पांढरकवड्यातली निम्मी पोरं बेसबॉल खेळत ती या एका वाटेसाठी. निवडीचा सामना यवतमाळला जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी होता.

त्याच्या दहा दिवस आधीची संध्याकाळ.

सराव संपत आला होता. अब्रार बॅट घेऊन होम प्लेटजवळ, म्हणजे बॅट फिरवणाऱ्याच्या जागी, आला आणि ओरडून म्हणाला, "आइक, यवतमाळची मॅच झाली की मी सोडून राह्यलो."

"काय?"

"बेसबॉल. हैदराबादवाले फुटबॉलची टीम बनवून राह्यले. मामा म्हणते, गॅरेजवर काम कर अन् खेळ. चाल, टाक आता. अंधार पडून राह्यला."

एवढंच. बस सुटते आहे असं सांगावं, तसं. संघदीपने विचारलं नाही, काहून? कधीपासून ठरवलंस? मले आज सांगतं? हे सगळं त्याच्या हातात उतरलं, आणि हाताने चेंडू आतल्या बाजूला, अंगाच्या अगदी जवळून टाकायचं ठरवलं. लागायला नव्हे. नुसता घाबरावा म्हणून. एवढंच, असं तो नंतर स्वतःला पुन्हा पुन्हा सांगणार होता.

संघाकडे एकच हेल्मेट होतं आणि ते लिंबाच्या फांदीला टांगलेलं होतं. संघदीपसमोर ते कुणी घालत नसे. रजिस्टर पोस्टाला कसलं हेल्मेट?

त्याने हात मागे नेला. आणि त्याच क्षणी अब्रारचा डावा पाय पुढे सरकला. इथल्या प्रत्येक पोराच्या अंगात क्रिकेट आधी शिरतं. चेंडू टप्पा घेणार, मग पुढे पाय टाकून तो टप्प्यावरच गाठायचा, ही सवय पायांत मुरलेली असते. बेसबॉलचा चेंडू टप्पा घेत नाही हे डोकं शिकतं, पाय शिकत नाही. अब्रार पुढे वाकला, चेंडूच्या वाटेत आला. संघदीपने ते पाहिलं. हात अजून खांद्याच्या वर होता. चेंडू अजून बोटांत होता.

त्याने सोडला.

आवाज फार मोठा झाला नाही. ओली फांदी मोडावी तसा झाला.

डाव्या भुवईवर सात टाके पडले. डोळा सुजून मिटला. डॉक्टर म्हणाले, सूज उतरल्याशिवाय नजरेचं काही सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी संघदीप मिस्त्रींच्या घराकडे निघाला, आणि कोपऱ्यावरूनच त्याला दारात जमलेली माणसं दिसली. त्या वर्षांत त्या मुलखात कुणाच्या दारात माणसं गोळा झालेली दिसली की बघणाऱ्याच्या मनात एकच गोष्ट येई: आणखी कुणीतरी जीव दिला. दहा मिनिटं तो विजेच्या खांबाला धरून उभा राहिला. शेवटी कुणीतरी हसल्याचा आवाज आला तेव्हा कुठे त्याला श्वास घेता आला. ती गॅरेजवरची माणसं होती. भेटायला आली होती.

"ये बेटा," अब्रारची आई जैबुनबी म्हणाली. "रडतं काहून? तुहा काय कसूर? यानंच पाय पुढं टाकला म्हणते."

"हो न अम्मी," अब्रार पट्टीखालून म्हणाला. "चार वर्षं खेळून बी क्रिकेट जात नाही पायातलं. सर म्हणून म्हणून थकले. माहीच चूक हाये. संघ्या, तू कायले तोंड पाडून बसला? तू का मुद्दाम मारलं?"

संघदीपने मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे त्याचं त्यालाही ठरवता आलं नसतं. चहा पुढे आला. त्याने तो प्यायला. घोटाघोटाला वाटे, आता सांगावं. पण सांगितलं तर? हैदराबादला गेला तरी अब्रार कुठेतरी होता, फोनवर होता, सणाला येणार होता. हे सांगितलं तर तो कुठेच उरणार नव्हता. संघदीपकडे दुसरा माणूस नव्हता.

पाचव्या दिवशी सूज उतरली. नजर शाबूत होती. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि संघदीपची झोप त्या दिवशीच पुरती उडाली. तोवर निदान काळजीचा आडोसा होता. आता फक्त त्याने पाहिलेला तो पाय उरला.

सरावात त्याचे चेंडू बाहेर जाऊ लागले. वीतभर, मग हातभर. आत टाकायचं म्हटलं की खांदाच अडे. अब्रारच्या जागी बसणारा नवा कॅचर पूनमसिंग उजवीकडे झेपावून झेपावून कावला. "दादा, पोस्टमन बदलला का?" त्याने विचारलं. लालसिंग सर संघदीपला बाजूला घेऊन म्हणाले, "बाबू, बॅट घेऊन उभा राह्यला त्याले धोका माहीत असते. मनावर घेऊ नको. त्याची चूक होती."

सगळेच त्याला क्षमा करत होते, आणि ज्याची क्षमा हवी होती ती गोष्ट कुणाला माहीतच नव्हती.

रविवारी यवतमाळच्या मैदानावर ऊन कोवळं होतं. डॉक्टरांनी मना केलं होतं तरी अब्रार संघाबरोबर आला आणि दोरीबाहेर प्रेक्षकांत बसला. कपाळावर पट्टी, हातात भुईमुगाच्या शेंगा. चार वर्षांत त्याने बेसबॉल कधी बाहेरून पाहिलाच नव्हता.

सामना दारव्ह्याच्या संघाशी होता. संघदीपने कसाबसा निभाव लावला. बाहेरच्या कडेवर चेंडू टाकत, घामाघूम होत. निवड समितीचे तिघे खुर्च्यांवर बसून वहीत काही लिहीत होते. शेवटच्या डावात दोन्ही बाजूंचे गुण सारखे झाले. दारव्ह्याचे दोन गडी बाद. तिसऱ्या बेसवर त्यांचा एक धावपटू टपून उभा. एक गडी बाद झाला की डाव संपणार होता. दोन पिचर निवडायचे होते, आणि राठोड सरांच्या मते त्यांतलं एक नाव आजवर तरी ठरलेलंच होतं.

बॅटवर एक किरकोळ पोरगा आला. प्लेटला चिकटून उभा राहिला, इतका, की बाहेरचा चेंडू त्याला आरामात मारता आला असता. पूनमसिंगने खूण केली: आत. दुसरी वाटच नव्हती. संघदीपने श्वास घेतला. आज खांदा अडला नाही. हात मागे गेला, पाय उचलला गेला.

आणि त्या पोराचा डावा पाय पुढे सरकला.

त्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं. फार तर चेंडू दंडाला लागला असता. हे सगळं संघदीपला माहीत होतं. पण हात खांद्याच्या वर होता, चेंडू बोटांत होता, आणि या वेळी बोटं उघडली नाहीत. तो अर्ध्यातच थांबला. तोल जाऊन एका गुडघ्यावर आला, चेंडू छातीशी घट्ट धरून.

"बॉक!" अंपायर ओरडला.

फेक एकदा सुरू झाली की पिचरला मध्येच थांबता येत नाही. थांबला तर तो दोष, आणि बेसवरचा धावपटू फुकटात एक बेस पुढे जातो. दारव्ह्याचा पोरगा तिसऱ्या बेसवरून चालत चालत होम प्लेटवर आला आणि त्यांना गुण मिळाला. धावण्याचीही गरज नव्हती. पुढच्या फेकीवर तो किरकोळ पोरगा बाद झाला, पण त्यानंतर पांढरकवड्याच्या बॅटिंगला एकही गुण करता आला नाही. सामना गेला.

चार वाजता समितीने नावं वाचली. अठरा नावं. संघदीप शेवटच्या नावापर्यंत ऐकत राहिला. लालसिंग सर त्याच्याजवळून जाताना खांद्यावर हात ठेवून गेले.

परतीच्या एस.टी.त अब्रार त्याच्या शेजारी बसला. खिडकीबाहेर कापसाच्या पराट्या उभ्या होत्या, वाळलेल्या, बोंडांची रिकामी कवचं घेऊन.

"पाहणं लय बेकार काम हाये," अब्रार म्हणाला. "खेळताना कधी भेव नाही वाटलं एवढं. फुटबॉल पाहताना कसं, आरडाओरडा करता येते. इथं सारे चूप. शेंगा बी सोलवत नव्हत्या." मग विचारलं, "काहून थांबलास रे?"

"त्याचा पाय पुढं आला होता."

"मंग? हेल्मेट होतं न त्याले."

संघदीप स्वतःच्या हाताकडे पाहत होता. बसचा खडखडाट मोठा होता. हळू बोललं तर कदाचित ऐकूही गेलं नसतं. तो हळू बोलला नाही.

"तुहा बी पाय आलता. मले दिसलता."

अब्रार वळला. एक डोळा अजून लालसर होता.

"बॉल हातातच होता माह्या. थांबता आलं असतं. तू जातो म्हणालास, मले राग आला. मी सोडला."

कंडक्टर तिकिटं तपासत पुढून आला, दोघांची तिकिटं पाहून मागे गेला. अब्रारने तिकीट पुन्हा खिशात ठेवायला खूप वेळ लावला.

"दहा दिवस," तो म्हणाला, "दहा दिवस मी मलेच शिव्या देऊन राह्यलो. अब्बाले म्हटलं, मी बह्याड हाये. आधी काहून नाही सांगतलं?"

"भेव वाटलं."

"कायचं भेव?"

"तू पुन्हा बोलणार नाही याचं."

बस करंजीच्या फाट्यावर थांबली. चार माणसं उतरली, दोन बायका चढल्या. समोरची एक सीट रिकामी झाली होती. अब्रार उठला, त्या सीटवर जाऊन बसला आणि त्याने खिडकीकडे तोंड केलं. मग वळून, मोठ्याने, साऱ्या बसला ऐकू जाईल असा ओरडला, "बोलून तर राह्यलो ना!"

बायकांनी दचकून दोघांकडे पाहिलं. त्यानंतर पांढरकवडा येईपर्यंत तो एक शब्दही बोलला नाही.