बोंबलांचा सर

नंदकिशोर शेठच्या अंधेरीच्या गाळ्यात आम्ही अकरा बायका मणी ओवायचो, आणि अकराजणींत काळ्या मण्यांना हात लावायची मनाई मला एकटीलाच होती. नियम शेठचा नव्हता, सुलक्षणाताईंचा होता. त्या आमच्यात सगळ्यात जुन्या. माझा नवरा जयवंत गिरण्यांच्या संपानंतर वॉचमनकी करता करता वारला, तेव्हापासून त्यांनी मंगळसूत्रांचं काम माझ्यासमोरून उचललं. माल नव्या नवरीच्या गळ्यात जातो, जानकीचा हात नको, म्हणाल्या. मी लाल-हिरवे मणी ओवत राहिले. तेव्हा गप्प बसले याचा मला आजही राग येतो.

शहाऐंशीची दिवाळी झाली आणि शेठने सांगितलं, लग्नसराईसाठी नवा नमुना पाहिजे. जिचा पसंत पडेल तिने तो सगळ्यांना शिकवायचा. बायका कामाला लागल्या. कुणी मासिकातली पानं फाडून आणली, कुणी भावजयीच्या लग्नाचा अल्बम. सगळ्यांचे नमुने एकाच तोंडवळ्याचे झाले. माझं तर डोकंच चालेना. आठवडाभर नुसतं ओवलं आणि उसवलं.

रविवारी सुके बोंबील आणायला वेसाव्याला गेले. आम्हा रत्नागिरीकडच्या माणसांना घरात सुकं नसलं की चैन पडत नाही. किनाऱ्यावर बांबू रोवून त्यांना दोऱ्या ताणलेल्या होत्या आणि दोऱ्यांवर बोंबलांच्या जोड्या. जन्मभर बघत आलेय, पण नीट बघितलं ते त्या दिवशी. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवतात. एक दोरीच्या अलीकडे, एक पलीकडे. गाठ नाही, काही नाही. दोघं एकमेकांना धरून असतात म्हणून वारा सुटला तरी पडत नाहीत. कोळीण किती देऊ विचारत होती आणि मी डोळे फाडून दोरीकडे बघत उभी. बाईचं काहीतरी बिनसलंय असंच तिला वाटलं असणार.

घरी येऊन लांबट पांढऱ्या काचेच्या नळ्या घेतल्या. दोन नळ्या, दोघींच्या डोक्याला दोऱ्याचा फास, फासात फास. झकास लोंबल्या. पण दोन जोड्यांच्या मध्ये काळा मणी हवाच होता. लाल घातला की सगळं जत्रेतलं दिसायचं. गाळ्यातले काळे मणी मला मिळणार नव्हते. घरात मात्र होते. जयवंत गेला त्या दिवशी माझ्या गळ्यातून काढलेले, पावडरच्या डब्यात ठेवलेले. डबा उघडला आणि पोटभर रडले. मग डोळे पुसले आणि ओवायला बसले. माझ्या नवऱ्याच्या नावाचे मणी माझ्याच गळ्यात का नकोत, हे मला कुणी कधी समजावून सांगितलं नव्हतं.

सोमवारी तो सर घालूनच गाळ्यात गेले. शेठ बघतच राहिला. काढून द्या, नमुना ठेवून घेतो, म्हणाला. मी म्हटलं, दुसरा ओवून देते, हा माझा आहे. तोवर सुलक्षणाताईंनी मणी ओळखले होते. विधवेच्या गळ्यातलं काळं बघून नवरींचा माल करायचा का, असं त्यांनी सगळ्यांच्या देखत विचारलं. शेठ घाबरला. सर उतरवा नाहीतर घरी बसा, म्हणाला.

"घरी बसते," मी म्हणाले. "सर उतरणार नाही. एकदा उतरवून झालाय."

घरी बसणं मला परवडणारं नव्हतं, हे गाळ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. चार दिवस पावलं वाजली की मी दाराकडे बघायचे. नंतर बघणं सोडलं. नळावर जाताना, बाजारात जाताना सर गळ्यात असायचा. चाळीतल्या बायका बोलायच्या थांबायच्या, मी थांबत नव्हते.

दहाव्या दिवशी सुलक्षणाताईच दारात उभ्या. शेठने नमुना आठवून कागदावर काढला होता आणि व्यापाऱ्याला दाखवून ऑर्डरही घेऊन बसला होता. पण ओवताना गाळ्यात सगळ्यांची वाट लागली होती. ताईंच्या हातातल्या सरातल्या नळ्या साऱ्या एका अंगाला कलंडलेल्या. त्यांनी माझ्या गळ्याकडे हात नेला, मध्येच थांबल्या, मग एक जोडी बोटांत धरून बराच वेळ बघितली.

"गाठ कुठे मारतेस गं?"

"मारतच नाही."

त्यांनी मान खाली घातली. चल, म्हणाल्या. सर काढ असं म्हणाल्या नाहीत.

गाळ्यात बाकीच्या नऊजणी गोल करून बसल्या होत्या. मध्ये काळ्या मण्यांची वाटी. शेठ लगबगीने पुढे आला, खुर्ची दिली, चहा सांगितला. मग हळूच म्हणाला, "जानकीबाई, सर घाला, माझं काही नाही. फक्त व्यापारी येणार आहे, जरा गळ्यावरून पदर घ्या ना."

मी पदर ओढून घट्ट कमरेला खोचला. खुर्ची सोडून बायकांमध्ये खाली बसले आणि काळ्या मण्यांची वाटी माझ्यापुढे ओढली.

"सुई द्या, ताई," मी म्हणाले.