मागच्या सीटवरचं वजन

सुताराची मोटरसायकल लांबच्या प्रवासाची होती. रुंद सीट, मागे रॅक, दोन्ही बाजूंना पेट्या. बायको असताना दोघांनी तिच्यावरून डोंगर पालथे घातले होते. बायको गेल्यावर तो एकटाच गाडी चालवायचा, पण मागे कुणालाही बसू देत नव्हता. मेहुण्याचा पाय मुरगळला तेव्हा त्याने मेहुण्याला रिक्षा करून दिली आणि स्वतः रिकामी गाडी घेऊन रिक्षाच्या मागे मागे गेला. मेहुणा ते अजून चारचौघांत बोलून दाखवतो.

खरं कारण कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. खड्ड्यांचे धक्के झेलणारे मागचे दोन्ही शॉक थकले होते, आतलं तेल गळून नळ्यांवर काळी चिकट माती बसली होती. खड्डा आला की गाडी एकदा आदळायची आणि मग, सगळं निवल्यावर, मागचा भाग सावकाश एकदा खाली जाऊन वर यायचा. मागे कुणीतरी सावरून बसावं तसा. बायको अशीच होती. खड्डा गेला की जरा थांबून कपडे सारखे करायची, मग सरकून बसायची. शॉक असे का वागतात ते सुताराला पक्कं ठाऊक होतं. तरी समोर खड्डा दिसला की तो चुकवायचं त्याच्या जिवावर यायचं.

लेकीला डोंगरातल्या गावी दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. तिनं जाहीर केलं, "बाबा, मला गाडीवरून सोडायला चला."

"बसनं जा. मागचे शॉक गेलेत. दोघांना झेपणार नाहीत."

"मग नवे घाला."

"कंपनीचे आता येत नाहीत."

"बाहेरचे येतात, चांगले येतात. मी चौकशी केलीय. आणि शॉक नसते गेले तर तुम्ही टायर सांगितले असते. टायर नसते तर ब्रेक." ती जेवणाची भांडी उचलत होती, ती तिनं खाली ठेवली. "आई गेल्यापासून एकदा तरी मला मागे बसवलंत? ती जागा तिची, तर माझी कुठली ते एकदा सांगून टाका. म्हणजे मी जाते बसनं, आणि परत विचारत नाही."

लेक रागावून बोलली असती तर त्याने परतवून लावलं असतं. ती हळू बोलली, म्हणून तो दुसऱ्या दिवशी तिला घेऊन शॉकच्या दुकानात गेला. ती बसनं, तो गाडीवर.

दुकान एका बाईंचं होतं. नमस्काराच्या आधी वजन विचारतात म्हणून लोक त्यांना वजनवाली म्हणत. त्यांचा एकच हट्ट होता. जो बसणार त्याला गाडीवर बसवून मोजल्याशिवाय शॉक द्यायचे नाहीत. आधी मोकळी गाडी मोजायची, मग चालवणारा, मग दोघं. वजनानं मागची बाजू किती दबते ते बघून स्प्रिंग आवळायची.

"दादा, तुमचं वजन?"

सुतारानं सांगितलं.

"मागे बसणाऱ्याचं?"

तेही त्यानं पटकन सांगितलं. लेकीनं त्याच्याकडे पाहिलं. "बाबा, हे आईचं. तेही आजारी पडायच्या आधीचं."

बाईंनी लिहिलेला आकडा खोडला. लेकीला वजनकाट्यावर उभं केलं आणि आतून नव्या शॉकची जोडी आणली. काळ्या दांड्या, जाड पिवळी स्प्रिंग. तासाभरात त्यांनी जुने काढून नवे बसवले. मोकळी गाडी मोजली. चाकाच्या मधल्या बोल्टपासून सीटखालच्या खुणेपर्यंत टेप धरला. "झकास. बसा आता."

सुतार बसला. बाईंनी टेप धरला आणि भुवया आकसल्या.

"उतरा. परत बसा."

तो परत बसला.

"खिशात विटा घेऊन आलात काय? दोघं बसल्यागत दबलीय."

त्यांनी पान्यानं स्प्रिंग आवळली. पुन्हा मोजलं. अजून आवळली. आकडा जागचा हलेना. बाई खाली वाकून दोन्ही स्प्रिंगांवर बोट फिरवत राहिल्या. "पंचवीस वर्षं हेच करतेय मी," त्या स्वतःशीच म्हणाल्या. सुतार हँडल धरून ताठ बसला होता. नव्या शॉकनं सगळं पुसलं जाईल या भीतीनं तो रात्रभर कूस बदलत होता. आता त्याच्या पाठीमागे इतकं ओळखीचं वजन होतं, की मागे वळून बघायची त्याची छाती होईना.

"बरं, मुलीला बसू द्या," बाई म्हणाल्या. "दोघांचं बघू, मग हिशेब लागेल."

लेक पुढे आली. तेवढ्यात सुताराच्या डाव्या खांद्यावर भार पडला, उतरताना माणूस आधार घेतो तसा, तळव्यासकट. गाडी मागून किंचित उचलली. मग पुन्हा दबली, आणि लेक बसलेली होती.

बाईंनी टेप वाचला. परत वाचला. "तोच आकडा," त्या म्हणाल्या. "एकटे होतात तेव्हाचाच. असं होत नसतं."

"माझ्या खांद्याला धरलंस का गं?" सुतारानं विचारलं.

"नाही. मी रॅक धरून चढले."

"डाव्या?"

"बाबा, धरलं नाही म्हणते ना. का?"

त्यानं खांदा चाचपला. बाईंनी लेकीला उतरवून त्याला एकट्याला मोजलं. आता गाडी एका माणसाइतकीच दबली, त्यांच्या हिशेबाप्रमाणे. त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "स्प्रिंग नवी होती, बसायला वेळ लागला. होतं असं." मघाशी त्या नेमकं उलटं बोलल्या होत्या, पण कुणी ते काढलं नाही. त्यांनी आवळलेलं सगळं सैल केलं आणि दोघांसाठी पुन्हा बेताचं आवळून दिलं.

सुतार पाठीमागच्या मोकळेपणाकडे लक्ष लावून बसला होता. बायको परत चढली नाही. तिनं जागा सोडली होती, आणि कुणासाठी सोडली तेही त्याच्या डोळ्यांसमोर उभं होतं, हातात पिशवी, घड्याळात बसची वेळ बघत.

"बस मागे," तो लेकीला म्हणाला.

"घरापर्यंत?"

"डोंगरापर्यंत. आज घरी."

ती बसली. दुकानाच्या फाटकाशी आल्यावर सुतारानं गाडी थांबवली, पण इंजिन बंद केलं नाही. आवारात कुणी दिसत नव्हतं. तेलकट फरशीवर ऊन पडलं होतं. बायकोला रस्ते कधीच लक्षात राहिले नाहीत. कितीही वेळा गेली तरी कोपऱ्यावर येऊन त्याच्या पाठीला विचारायची, आता कुठं.

तो मागे न बघता, बेताच्या आवाजात म्हणाला, "इथून डावीकडे. शाळा ओलांडायची. मग पाण्याच्या टाकीपासून सरळ."

"मला माहितेय की घरचा रस्ता," लेक म्हणाली.

"तुला नाही सांगत."

लेकीनं वळून मोकळ्या फरशीकडे पाहिलं. गाडीची मागची बाजू जागच्या जागी शांत होती, कुठे हलली नाही, डुलली नाही. मग ती त्याच्या कानाजवळ वाकली.

"टाकीपासून सरळ नाही, बाबा. उजवीकडे. सरळ गेलं तर कालवा लागतो."

"हो की," सुतार म्हणाला. त्यानं मान अर्धी वळवली आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, या वेळी नीट. सांगताना टाकी आली तेव्हा लेकही त्याच्याबरोबर म्हणाली, उजवीकडे. मग त्यानं गिअर टाकला.