तिला मराठी कुठे कळतं

शेजारच्या विभावरीकाकू डबा घेऊन आल्या, आणि डब्याबरोबर जीभही घेऊन आल्या.

स्वानंदला त्याच सकाळी आयसीयूतून वॉर्डात हलवलं होतं. आखातातल्या हमद बंदरावरचा इंजिनियर, धडधाकट माणूस. पोटरीला जरासं खरचटलं काय, ताप चढला काय, रक्तदाब कोसळला काय! सर्जननं सडलेलं मांस कापून काढलं. पाय वाचला, जीव वाचला. त्याच सुमारास त्याच्या मुलीचा, उर्वीचा, घसा धरला होता. जंतू तोच, स्ट्रेप्टोकोकस. ती मात्र औषध घेऊन पुन्हा उड्या मारायला लागली होती.

स्वानंदच्या बायकोकडून, भैरवीकडून, एवढं ऐकलं आणि काकूंनी सोफ्यावर बसल्या बसल्या निकाल लावला.

"म्हणजे पोरीनं शाळेतून आणलं आणि बापाला चिकटवलं. राग मानू नकोस हं भैरवी, पण तुमच्या घरात इम्युनिटीच नाही. दोघंही नोकरीच्या मागे. आमच्याकडे रोज हळदीचं दूध, कोणी शिंकत नाही."

"काकू, उर्वी इथंच आहे."

"असू दे गं. तिला मराठी कुठे कळतं? सारखी इंग्लिशच फाडत असते."

भैरवीनं डबा उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. आलेल्या माणसाचं सगळं ऐकून घ्यायचं, ही घाणेरडी सवय आपल्या अंगात कोण मुरवतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डाच्या दाराशी उर्वीनं पाय रोवले. आत बाबा तिचीच वाट बघत होता.

"चल ना गं."

"नो! आय विल मेक हिम सिक अगेन. काकू सेड."

भैरवीच्या डोक्यात तिडीक गेली. काकूंपेक्षा स्वतःचा राग जास्त आला. तेवढ्यात डॉक्टर हनिया बाहेर आल्या. भैरवीनं हिंदीत सगळं ओकून टाकलं.

हनिया उर्वीसमोर उकिडव्या बसल्या आणि सोप्या हिंदीत बोलू लागल्या. "जंतू तुझ्याकडून आला की मॉलमधून, कोणीच सांगू शकत नाही. या जंतूच्या विषाला अडवणाऱ्या अँटिबॉडीज रक्तात पुरेशा असल्या, तर बहुतेकांचं घशावरच निभावतं. बाबाकडे त्या कमी असाव्यात. त्यात तुझी चूक नाही, त्याची नाही, मम्मीचीही नाही."

"दुधानं येतात त्या?" भैरवीनं मुद्दाम विचारलं.

"छे! तसले जंतू आधी भेटलेले असावे लागतात. म्हणून तर आम्ही बाबाला हजारो लोकांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडीज सलाईनमधून दिल्या. त्यातल्या कितीतरी जणांचा घसा कधीकाळी तुझ्यासारखाच दुखला असेल."

उर्वीनं दारातून आत डोकावलं. "सो सोअर थ्रोट पीपल हेल्प्ड हिम?"

"हो. आणि तुझं औषध पूर्ण झालंय. जा आत."

ती गेली. बाबाच्या हाताला सुई होती, म्हणून तिनं त्याचं नुसतं एक बोट धरलं. त्याच बोटानं त्यानं तिच्या तळव्यावर गुदगुल्या केल्या.

तेवढ्यात पडदा सरकला. काकू! हातात हळदीच्या दुधाचा थर्मास.

"अगं बाई! हिला कशाला आणलंस आत? पुन्हा काहीतरी चिकटवेल ना!"

भैरवीनं तोंड उघडलं, पण उर्वी वळली होती. शब्द जुळवत, अडखळत म्हणाली, "काकू, मला मराठी कळते. तेव्हा पण कळत होती."

काकूंनी भैरवीकडे पाहिलं. आई पोरीला दटावेल, असं त्यांना वाटलं असावं.

"ऐकलंत ना?" भैरवी म्हणाली. "आता तिची माफी मागा. मराठीतच मागा. आणि तो थर्मास घरी न्या."