दोराचं वरचं टोक

पास्कूने तिसऱ्यांदा विहिरीत बुडी मारली आणि काठावर उभ्या कार्मेलीनने दोन्ही हातांनी दोर धरून 'नमो मरिया' म्हणायला सुरुवात केली.

ती काही प्रार्थना नव्हती, मोजमाप होतं. कोरलईच्या ख्रिस्ती आळीत तिची सासू अंडी उकडायची ती 'नमो मरिया' मोजून, आणि तीच सवय सुनेला लागली होती. दोराचं दुसरं टोक पास्कूच्या कमरेला होतं. त्याने बजावलं होतं, "तीन झाल्या की ओढ. आधी न्हाय."

पंपाच्या पाइपाचं तोंड तळाच्या गाळात रुतून बसलं होतं. मे महिना, वाडीतल्या सुपाऱ्या माना टाकत होत्या. शेजारचा धर्माजी म्हणाला होता, "पास्कू, आज चौलला लग्नाला चाललोय. उद्या दोघं मिळून करू." पण साठी उलटलेल्या पास्कूला उद्यापर्यंत थांबणं म्हणजे म्हातारं झाल्यासारखं वाटलं. सकाळपासून नवराबायकोची त्यावरून जुंपली होती. शेवटी वीज बंद करून तो उतरलाच.

आधीच्या दोन्ही वेळा कार्मेलीनने भीतीने शब्द भराभरा उरकले होते. पास्कू अर्ध्यातून वर आला आणि खेकसला, "आता कुठं हात लागला होता! मरियेला हाका मारतेस की कोंबड्या हाकलतेस?"

म्हणून या खेपेला ती एकेक शब्द चावून म्हणत होती. पहिली झाली. दुसरी झाली. खाली हिरवट पाणी, त्यावर थोडे बुडबुडे. तिसरी संपली तशी तिने ओढलं.

दोर वीतभर आला आणि अडला.

तिने कठड्याला पाय लावून पुन्हा ओढलं. खडकाला बांधल्यासारखा दोर ताणला गेला. भिंतीलगतचा काळा पाइप थरथरला.

"धर्माजी!" ती ओरडली. मग आठवलं, धर्माजी चौलला. त्याची अख्खी वाडी रिकामी. रस्ता नारळींच्या पार पलीकडे, आणि तिकडे धावायचं तर दोर सोडायला हवा.

ती ओढत राहिली. हातांची सालटी निघाली. तोंडातून चौथी 'नमो मरिया' आपोआप आली, मग पाचवी. तोंड चाललं होतं, पण त्यात ती नव्हती. बुडबुडे कमी झाले.

"थांब," ती एकदम म्हणाली.

चर्चमध्ये शिकलेली देखणी मराठी तिच्या जिभेवरून गळून पडली. तिच्या घरची बोली आली, ज्या बोलीत ती नवऱ्याशी भांडायची, मासळीचा भाव पाडायची. या बोलीत तिने देवाला आजवर एकदाच काही मागितलं होतं, तेही आज सकाळी, आणि मोठ्याने नव्हे.

"ऐक. मला आता पाठ केलेलं काही येत न्हाय. सकाळी चुलीपाशी मी म्हटलं, या माणसाला एकदा चांगला दणका दे, फार ताठा हाय त्याला. खोटं कशाला बोलू, मनापासून म्हटलं. पण असला दणका न्हाय रे! पाय मुरगळला असता, दोन दिवस ताप आला असता, झालं असतं माझं समाधान. तू एवढं मनावर घेतलंस? राग हाय मला त्याचा. अजून हाय. तुझासुद्धा आता येतोय. तरी तो मला वर पायजे, हाय तसा, ताठ्यासकट. ओढून ओढून हात फाटले माझे. आणखी ओढू? की काय करू? कळत न्हाय मला. तू सांग. मी गप बसते."

आणि ती खरंच गप बसली. तोंडाबरोबर हातांचा जोरही थोडा उतरला.

तेव्हा तिला ते जाणवलं. दोराला खालून हिसका बसत होता. खाली, खाली. वर घे म्हणणारा हिसका नव्हता तो. पास्कू आणखी दोर मागत होता.

दोर सोडायचा? बुडत्या माणसाचा?

"सोडू?" तिने विचारलं.

नारळाची झावळसुद्धा हलली नाही. खालून आणखी एक हिसका आला, आधीच्यापेक्षा अशक्त.

तिने पकड सैल केली. पायाशी पडलेलं वेटोळं सरसर उलगडत पाण्यात गेलं. "हे बघ, सोडला," ती म्हणाली. "आता माझ्या हातात काही न्हाय. तूच बघ."

पाणी ढवळलं. गाळाचा एक काळा ढग वर आला. त्या ढगातून आधी हात आला, मग पास्कूचं डोकं.

त्याने भिंतीचा दगड धरला. बराच वेळ तो नुसता खोकत होता. मग पायरीपायरीने, मध्ये थांबत तो वर आला आणि कठड्यापाशी कोसळला. कमरेभोवती दोराचा लालभडक वळ उठला होता.

"दोराचा पाइपाला वेढा बसला होता," तो धापा टाकत म्हणाला. "तू ओढत होतीस, मी तिथंच आवळला जात होतो."

"मला वरून काय दिसतंय!" म्हणत तिने त्याच्या ओल्या पाठीवर एक धपाटा घातला, मग दुसरा. तिसऱ्याला तो हात पाठीवरच राहिला.

"मग सोडलास कसा? कुणी सांगितलं?"

"विचारलं मी."

पास्कूने वाडीभर नजर फिरवली. कुणी नव्हतं. थोडा दम खाल्ल्यावर तो पाण्याकडे बघत पुटपुटला, "पाइपाचं तोंड निम्मं सुटलंय. आणखी एक बुडी..."

कार्मेलीनने त्याच्या कमरेची गाठ सोडली, सगळा दोर गोळा केला आणि विहिरीत टाकून दिला.

पास्कूने कठड्यावरच्या शर्टातून फोन काढून धर्माजीला लावला. "जेवलास का? उद्या सकाळी ये रे. न्हाय न्हाय, काही झालं न्हाय, सहजच..."

"झालं," कार्मेलीन म्हणाली. "झालं म्हणून सांगा त्याला."

त्याने फोनवर तळवा दाबला आणि डोळे वटारले. तिने नजर हटवली नाही. चौलच्या मांडवातली वाजंत्री त्याच्या बोटांमधून बारीक ऐकू येत होती.

पास्कूने तळवा काढला. "बुडालो होतो रे," तो म्हणाला, आणि तेवढं बोलल्यावर त्याला रडू फुटलं.