घरची हळद

इंजीन चालू ठेवूनच लालमहंमदनं रेडिएटरच्या वरच्या पाइपाला हात लावला आणि चटका बसताच झटक्यात मागं घेतला. मग वाकून खालचा पाइप धरला. तो थंडगार होता. उकळतं पाणी वरून रेडिएटरमध्ये शिरत होतं, पण निवून खालून इंजिनाकडं परत येत नव्हतं.

"बंद कर," तो म्हणाला.

स्टिअरिंगमागं बसलेल्या हिंदुरावनं किल्ली फिरवली आणि तसाच बसून राहिला. मागच्या सीटवर एक गोधडी अजून पडलेली होती. ती घरच्या कुणी उचलली नव्हती, आणि लालमहंमदनंही तिला हात लावला नव्हता.

सकाळपासून तो एकेक संशय निकालात काढत आला होता. पंख्याचा पट्टा घट्ट होता. पाण्याचा पंप गळत नव्हता. इंजिनाच्या तेलात पाणी उतरून ते दुधाळ झालेलं नव्हतं. चाकणच्या नाक्यावर गॅरेज टाकल्यापासून नाशिक रस्त्यावरच्या तापलेल्या गाड्या त्यानं ढिगानं पाहिल्या होत्या. पण गाडीत काय बिघडलं यावर कुणाच्या पोरानं घरात राहायचं की नाही हे ठरावं, अशी वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

गाडी हिंदुरावच्या वडिलांची, सोपानरावांची. जमीन कारखान्यात गेल्यावर हौसेनं घेतलेली जुनी लँडमास्टर. महिन्यापूर्वी त्यांची सून शालन बाळंतपणात अडली, सुईणीनं हात टेकले, तेव्हा हिंदुराव बायकोला गाडीत घालून पुण्याला निघाला. मोशीच्या चढावर गाडी उकळून बंद पडली. तो खाली नदीकडं धावला, डबा भरून आणला. तोवर शालन गेली होती, पोटातल्या जीवासकट. ती सोपानरावांच्या बायकोची सख्खी भाची; मेव्हण्यानं, आबाजीनं, त्यांच्या शब्दावर दिलेली. तेराव्याला आबाजी एवढंच म्हणाला होता, "चूक कुणाची ते कळू द्या, दाजी. मग तुमच्या घरचं पाणी पिईन."

सोपानरावांच्या लेखी चूक पोराचीच होती. "पानी न बघता गाडी काढली असंल, तर त्यानं माझ्या घरात ऱ्हायचं न्हाई," असं सकाळी त्याच्या तोंडावर सांगून ते समोरच्या चहाच्या दुकानात जाऊन बसले होते, गाडीकडं पाठ करून.

"निघताना पाणी बघितलं होतंस?" लालमहंमदनं हळूच विचारलं.

"गळ्यापतूर व्हतं, चाचा. दादा ऐकूनच घेत न्हाईत."

दोघांनी मिळून रेडिएटर उतरवला. लालमहंमदनं तो घमेल्यावर उलटा धरला आणि रबरी नळीनं पाण्याचा झोत सोडला. आधी थेंबही पडेना. मग अडत अडत पिठल्यासारखा पिवळा गाळ खाली उतरला आणि घमेलं भरत गेलं. वास ओळखायला वेळ लागला नाही. हळद होती.

गळक्या रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकली की भेग बुजते, हा ड्रायव्हर लोकांचा जुना इलाज. अडल्या वेळी एकदा करायचा आणि पुढं भेगेला कथलाचा डाग देऊन घ्यायचा, नाहीतर आतल्या नळ्याच बुजतात. सोपानरावांना मात्र हा इलाज असा काही गोड लागला होता, की गळालं की मूठ, नाही गळालं तरी मूठ. "डाग कशापायी द्यायचा? घरची हळद हाय," असं ते त्याच चहाच्या दुकानात चारचौघांत कौतुकानं सांगत. लोक हसत. लालमहंमदही हसला होता.

हिंदुराव गाळाकडं बघत राहिला. मग खाली बसून तो दोन्ही हातांनी उपसून मागच्या गटारात टाकू लागला. लालमहंमदनं त्याचा दंड धरला.

"अरे, हेच दाखव त्यांना. तुझ्यावरचा बोल जाईल."

"आन् जाईल कुनावर, चाचा?" हिंदुराव मान वर न करता म्हणाला. "आयेला काय सांगू, तुज्या भाचीला दादांनीच..." दंड सोडवून त्यानं आणखी एक ओंजळ गटारात टाकली. "त्यांना न्हाई सोसायचं ह्ये. माझं काय, मी पिंपरीला कंपनीत लागंन. कुटंबी ऱ्हाईन."

घमेलं रिकामं करून तो उठतो न उठतो, तोच सोपानराव रस्ता ओलांडून आले.

"काय निघालं?"

"पानी कमी व्हतं," हिंदुराव म्हणाला. "घाईत बघितलंच न्हाई मी."

सोपानरावांनी त्याच्याकडं पाहिलंही नाही. "लालमहंमद, तू सांग."

गाडीबद्दल खोटं बोलून लालमहंमदनं कधी भाकरी खाल्ली नव्हती. तो उगाच रेडिएटरवरून फडकं फिरवत राहिला.

"पोरगा म्हणतोय तसंच," तो शेवटी म्हणाला. त्याला स्वतःची लाज वाटली.

सोपानरावांनी मान हलवली. हवं होतं ते उत्तर मिळालं होतं. आता पोराला बोलायचं तेवढं राहिलं होतं. ते त्याच्याकडं वळले आणि थबकले. हिंदुरावचे हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते, लग्नात बायकांनी हळद लावली तेव्हा होते तसेच. त्यानं ते पाठीमागं घेतले, पण उशीर झाला होता.

सोपानरावांची नजर रिकाम्या घमेल्यावर गेली. घमेल्याच्या कडांना पिवळा थर तसाच होता. त्यांच्या उजव्या हाताची मूठ वळली, आणि त्या मुठीकडं ते असे बघत राहिले, की लालमहंमदनं नजर दुसरीकडं वळवली. मग त्यांनी बादलीतून तांब्या भरून घेतला.

"हात म्होरं कर."

हिंदुरावनं हात पुढं केले. बाप पाणी ओतत राहिला, पोरगा हात चोळत राहिला. रंग काही निघेना.

"मामाकडं मी जातो, दादा," हिंदुराव खाली बघत म्हणाला. "मीच सांगतो त्यांना."

"तू न्हाई," सोपानराव म्हणाले. "मी जानार हाय." आणि त्यांनी तांब्या पुन्हा बादलीत बुडवला.