एकच्या जागी चार

औषधांच्या दुकानातल्या बाईंना सगळे वचकून असत. डॉक्टरांचं अक्षर लागलं नाही तर त्या थेट डॉक्टरांना फोन करून झापत. दुकानात मदतीला त्यांची धाकटी जाऊ होती. तिने एखादी बाटली भलत्या फळीवर ठेवली, तर तिला संध्याकाळपर्यंत ऐकून घ्यावं लागे. आपल्या हातून कधी चूक झाली नाही, हे बाई इतक्यांदा सांगत की ऐकणाऱ्याला वाटे, एकदा होऊनच जाऊ दे.

ती मंगळवारी झाली. दुपारी साडेबाराला साखरेच्या आजारावरच्या गोळ्यांचा खण आवरताना बाईंना दिसलं, एक मिलिग्रॅमच्या ताकदीच्या पट्ट्या होत्या तितक्याच आहेत, चारच्या ताकदीची मात्र एक कमी आहे. सकाळपासून त्या गोळ्या नेल्या होत्या एकट्या निवृत्त पोस्टमास्तरांनी. मास्तर जुन्या साहेबाची फजिती सांगत होते आणि बाईंनी हसता हसता खणात हात घातला होता.

चारपट गोळी पोटात गेली, तर रक्तातली साखर एकदम उतरून म्हातारा माणूस बसल्या जागी बेशुद्ध पडेल. गोळी जेवणाआधीची, आणि मास्तर दुपारी एक वाजता जेवत.

फोन नुसताच वाजत राहिला. बाई चपला सरकवून निघाल्या.

घर दहा मिनिटांवर. पाय मास्तरांकडे धावत होते, मन सबबींकडे. कंपनीने दोन्ही पट्ट्यांना एकच हिरवा रंग कशाला द्यायचा? मास्तरांनी इतकं बोलायचं कशाला? की जावेनेच खणात सरमिसळ केली? ही शेवटची सबब इतकी पटली की तिला काय सुनवायचं तेही ठरलं. मग आठवलं, कालच खण आपण स्वतः लावला होता.

दार उघडं होतं. मास्तर खुर्चीत, मान एका बाजूला कललेली.

"मास्तर."

बाईंनी खांदा गदागदा हलवला. डोळे उघडले.

"बाई? तुम्ही? जरा डुलकी लागली."

"गोळी घेतलीत?"

"घेतली की."

"साखर कुठे आहे? पाण्यात घालून आत्ता प्या. मी चुकून चारपट ताकदीची दिली."

मास्तरांचा चेहरा उतरला, पण भीतीने नव्हे. "थांबा. घेतली नाही."

"खरं सांगा."

त्यांनी टेबलाचा खण ओढला. आत कित्येक महिन्यांच्या न फोडलेल्या पट्ट्या होत्या. "गोळीने तोंडाची चव जाते. घरात वाद नको, म्हणून आणतो आणि ठेवतो."

"मग दुकानात येता कशाला?"

"गप्पा मारायला." मास्तर खिडकीबाहेर पाहू लागले. मग हळूच म्हणाले, "सून जेवायला येईलच. तुमची चूक मी ऐकली नाही, माझा खण तुम्ही पाहिला नाही. दोघांचीही लाज राहील."

बाई मान डोलावणारच होत्या, तेवढ्यात सून दारात उभी राहिली. "बाई, काय झालं?"

'सहज आले होते' हे शब्द जिभेवर होते. मास्तरांची नजर हात जोडत होती.

"आधी माझी चूक सांगते," बाई म्हणाल्या. "मग बाबांचा खण बघा."

सुनेने दोन्ही ऐकलं. त्याच संध्याकाळी ती सासऱ्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. साखर भलतीच चढलेली निघाली, डोळ्यांवर परिणाम सुरू झाला होता. औषधं ती आता दुसऱ्या दुकानातून नेते, आणि मास्तर रस्त्यात दिसले तर तोंड फिरवतात.

त्या दुपारी दुकानात परतल्यावर बाईंनी जावेला सगळं सांगितलं, वाटेत तिच्यावर ढकलायचं ठरवलं होतं तेही.

"ताई, सकाळी तुमच्या हातात ती चारची पट्टी मी पाहिली होती," जाऊ म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही चिडला असता. मग वाटलं, मलाच नीट दिसलं नसेल."

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक औषध गिऱ्हाइकाला देण्याआधी त्या जावेसमोर धरू लागल्या. तीन दिवस जाऊ नुसती मान हलवत राहिली. चौथ्या दिवशी पुटपुटली, "ताई, ही नाही बहुतेक."

गोळी बरोबर होती. बाईंना राग आला, चांगलाच आला. तो गिळून त्यांनी चष्मा चढवला आणि पट्टी पुन्हा वाचली.